चारशे बाराचा कागद

ऊन तापायला लागलं की गाड्यांची इंजिनं जुळवून देणाऱ्या ट्यूनरबाईंच्या गॅरेजात रडारड सुरू व्हायची. थंडीत हीच मंडळी वेगवान गाड्या घेऊन येत, इंजिनाची ताकद मोजून घेत आणि आकड्याचा कागद हातात पडला की छाती फुगवून बाहेर पडत. थंड हवा दाट, तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणून इंजिन जोर करतं; यात मालकाचं कर्तृत्व शून्य. उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिन तापतं, पेट्रोल भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसायला लागतात. मग ठिणगी जरा उशिरा पाडायची, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब उतरवायचा. आकडा तीस-पस्तिसाने खाली येतो. एवढं ऐकलं की चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांची तोंडं एवढीशी व्हायची. बाईंना त्यांची कीव वगैरे येत नसे, हसू यायचं.

पंख्याखाली बसून स्वतः घाम पुसत असतात, पण इंजिनाने मात्र गरम व्हायचं नाही! असल्यांची मनधरणी बाईंनी एकोणीस वर्षांत कधी केली नव्हती. लोक त्यांना तिरसट म्हणत, फटकळ म्हणत, पण दोन मित्रांत गाडीवरून जुंपली की सोक्षमोक्ष लावायला बाईंचाच कागद मागवत. त्या कागदावरचा आकडा कधी फिरला नव्हता. बाईंची खरी कमाई तेवढीच होती, आणि त्यांना ती पक्की ठाऊक होती.

सगळ्यांत मोठा शहाणा घरातच निघाला. थोरल्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. थंडीतला चारशे बारा हॉर्सपॉवरचा कागद या भावजींनी फ्रेम करून दवाखान्यात लावला होता, तोही पदवीच्या वर.

"भावजी, आता तीनशे अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर नेलं तर पिस्टनला भोक पडेल."

"म्हणजे तुला जमत नाही असं सांग ना सरळ. चारशे बारा म्हणजे चारशे बारा. उन्हाळ्यात माणसाची उंची कमी होते का?"

उंची नाही, अक्कल होते, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मागच्या गल्लीतला तो दुसरा आहे ना, तो देईल मला हवं तसं करून," भावजी म्हणाले आणि किल्ली फिरवत उभे राहिले.

तो करून देईल याबद्दल बाईंना शंका नव्हती. त्याला सांगितलं असतं तर त्याने पेट्रोलऐवजी सरबतही भरलं असतं. पण त्या गाडीत शेजारच्या सीटवर ताई बसायची. आणि तेवढ्यात ताईचाच फोन आला. "अगं, दे ना त्यांना काय हवं ते. घरी माझं डोकं खातात."

बाईंनी गाडी ठेवून घेतली. इंजिन उन्हाळ्यापुरतं शहाणं केलं, तीनशे अठ्ठ्याहत्तरवर आणलं. मग कॉम्प्युटरमधली थंडीतली मोजणी काढली, तारीख बदलली आणि कागद छापला. मिनिटभराचं काम. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा तो त्यांनी भावजींच्या हातात दिला.

संध्याकाळी भावजींचा फोन. "काय पळतेय! थंडीपेक्षा भारी! पाठ सीटला चिकटते नुसती!"

चौतीस हॉर्सपॉवर गेले आणि गड्याला पत्ता नाही. फोन ठेवून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

चार दिवसांनी घड्याळजी काका आले. सगळ्या गिऱ्हाइकांत बाईंना मान द्यावासा वाटे असा हा एकच माणूस. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केल्यावर त्यांनी एक लहानशी, तुफान पळणारी गाडी घेतली होती. नऊ उन्हाळे आकडा उतरलेला ऐकून ते "बरोबर आहे" एवढंच म्हणत. गाडी ताकद मोजायच्या यंत्राच्या रोलरवर चढली की बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसत, आत डोकावतसुद्धा नसत.

आज ते बाकाकडे गेले नाहीत.

"काल दाढ काढायला गेलो होतो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी नवा कागद दाखवला. ऐन उन्हाळ्यात चारशे बारा. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला, मला विचारताही येईना."

बाईंनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमलं नाही. "काका, तो कागद खोटा आहे. त्यांची समजूत काढायला दिला. गाडी तीनशे अठ्ठ्याहत्तरच देते."

"मलाही तेच वाटलं."

"पण तुमचा एकही कागद, शपथेवर सांगते..."

"अगं, मी कुठे काय म्हटलं?" काका गडबडीने म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी विचारलं, "फक्त आज मी आत थांबलो तर चालेल का? यंत्राजवळ?"

"चालेल की," बाई म्हणाल्या.

रोलर फिरायला लागले. काकांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ वाकले आणि आकडे एका छोट्या वहीत उतरवून घेऊ लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंनी चार शब्द ऐकवले असते, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. काकांनी तो पडद्याशेजारी धरला आणि वरच्या तारखेपासून एकेक ओळ ताडून बघायला सुरुवात केली.