आबांचं उत्तर
रतिलालदादा जळगावहून माझ्या धुळ्याच्या घरी आला तो हरखूनच. तिथल्या एका छोट्या कंपनीत तो कॉम्प्युटरचा पडदा चालवणारा प्रोग्राम लिहितो. ड्रायव्हर म्हणतात त्याला. फैजपूर-रावेरहून तक्रारी येत होत्या, मशीन चालू पण पडदा काळाच. दादा स्वतः जाऊन बघून आला. आपल्याकडे व्होल्टेजची बोंब, म्हणून लोक आधी मशीन लावतात आणि ते स्थिरावलं की मग पडदा. प्रोग्राम सुरुवातीला एकदाच विचारायचा, पडदा आहे का? लगेच उत्तर आलं नाही, की पडदा नाहीच असं धरून बसायचा.

"आता थांबतो तो," दादा म्हणाला. "परत परत विचारतो. पडदा उशिरा लावला तरी दिसायला लागतं."

मी चहा गाळत होते. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

आमच्या वडिलांना, आबांना, लकवा झाला, तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द निघायला फार वेळ लागायचा. त्याच वर्षी हे स्थळ आलं. बघायला आले तेव्हा आईच्या हातून चहा सांडला, आणि या माणसानं तिला सगळ्यांदेखत झिडकारलं. मला हा नको, हे मी फक्त आबांना सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. घरातल्या मोठ्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे सुपारी फुटत नाही. माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

चुडामणकाकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आबा, सुपारी फोडू का?" आबांचे ओठ हलत होते. ते कोणी बघितलंच नाही.

"आबा काहीच बोलतस नही," काका म्हणाले, "म्हंजे होकारच शे."

सुपारी फुटली. पेढे वाटून होत आले तेव्हा खाटेवरून शब्द आला, "नको." खाटेजवळ मी होते आणि दादा होता. तो पेढ्यांचं ताट उचलून पुढे गेला. गलक्यात त्याला ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालले. लग्नानंतर आबा गेले. आईला झिडकारणारा तो आवाज आता मी रोज ऐकते, मलाच झिडकारताना.

मी कप दादापुढे ठेवला. "दादा, सुपारीच्या दिवशी आबा काय म्हणाले होते रे?"

तो कपाकडे बघत राहिला. मी थांबले. चहावर साय धरली तरी थांबले.

"नको म्हणाले होते," दादा म्हणाला.