सोमवारी दात, रविवारी स्का

लग्न एकाशी ठरलं होतं, घरात निघाले दोघं. हे, आणि यांचा ट्रम्पेट.

लालबागला दहा बाय बाराची आमची खोली. त्यात चाळीस वर्षं रोज सकाळी ट्रम्पेटच्या भोंग्यात टॉवेल कोंबून यांचा रियाज. मी चपात्या लाटतेय आणि कानाशी पँ-पपँ! शेजारची रखमा विचारायची, "मालनताई, तुम्हांला त्रास नाही होत?" आता काय सांगू? चांगलं वाजवता असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर टॉवेल काढला असता त्यांनी.

सगळं लालबाग यांना लवू मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. वरातीचा बँड होता त्यांचा. मग डीजे आले नि बँड बसला. उरले दोघं, मास्तर आणि ट्रॉम्बोनवाला विठोबा. गेल्या महिन्यात मास्तरांचे पुढचे वरचे दात हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी काढायला सोमवारची तारीख दिली. ट्रम्पेट टेकतो त्याच दातांवर. दात गेले की वाजवणं संपलं. मास्तर दोन दिवस भांडले नाहीत हो माझ्याशी. मी घाबरलेच.

मंगळवारी माझ्या नणंदेची नात आकांक्षा धापा टाकत आली. तिचा पोरापोरींचा बँड आहे.

"आजोबा, आमचा ट्रम्पेटवाला बंगळूरला नोकरीला पळाला. रविवारी पाच वाजता परळला शो आहे. तुम्ही आणि विठोबाकाका या ना, प्लीज. स्का वाजवतो आम्ही."

मी म्हटलं, "हे नाव आहे की शिंक?"

तिनं समजावलं. जमैका म्हणून देश आहे, तिथलं साठेक वर्षांपूर्वीचं नाचायचं संगीत. मधे लोक विसरले होते, आता पोरं परत उठवतायत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन हवाच. आणि गिटार ठेक्यावर नाही, दोन ठेक्यांच्या मधे वाजते. चक्, चक्, चक्.

मास्तरांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "रविवारी ना? सोमवारी नाही ना?"

मी उठून ट्रम्पेटची पेटी पुसायला घेतली.

तालीम आकांक्षाच्या घरी. पहिल्या दिवशी सत्यानाश. मास्तर ताठ उभे, घामाघूम, सूर भलतीकडे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला राहवेना. "अगो, त्यांना चालू दे! जन्मभर वरातीपुढे चालत वाजवलंय. उभ्यानं त्यांना चहासुद्धा गिळवत नाही."

मग मास्तर जागच्या जागी चालायला लागले. पाय खाली ठेक्यावर, टाच उचलली की पँ. बरोब्बर मधे! आकांक्षा ओरडली, "हेच, आजोबा, हेच!" विठोबा म्हणाला, "वहिनी, आपण इतकी वर्षं स्काच चालत होतो वाटतं."

रविवारी परळच्या गिरणीतल्या त्या हॉलमध्ये दोनशे पोरं. आयोजकानं बजावलं, "मास्तर, माइकसमोरून हलू नका." मास्तर जरीचा कोट घालून गेलेले. मी पहिल्या रांगेत, ट्रम्पेटची पेटी मांडीवर.

दोन गाणी नीट झाली. तिसऱ्याला पोरं अशी उड्या मारायला लागली की बस्स. तिथंच घोळ झाला. वरातीचा नियम असा, की नाचणारे बँडकडे तोंड करून नाचतात आणि बँड त्यांना रेटत पुढे नेतो. नाहीतर नवरा मुहूर्ताला पोचणार कसा? समोर नाचणारे दिसले, मास्तर स्टेजवरून उतरले आणि चालू लागले. मागे विठोबा. पोरं नाचत मागे मागे सरकली, दारातून बाहेर, थेट रस्त्यावर! आकांक्षाच्या गिटारची वायर निघाली, तरी तिचा हात चालूच. ड्रमवाला एक ढोलकं गळ्यात अडकवून धावला. आयोजक ओरडतोय, "अहो, कुठं चाललात?" मी पेटी घेऊन पळतेय. बसवाला हॉर्न देतोय, तोही ठेक्यात.

पुढे हॉस्पिटल आलं. मास्तरांनी डावा हात वर केला. बँड बंद. हॉस्पिटलसमोर बँड वाजवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दोनशे पोरांना कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळी गुपचूप, चवड्यांवर चालत फाटकापुढून गेली. वॉचमननं सलाम ठोकला.

फाटक मागे पडलं. मास्तरांनी ट्रम्पेट उचलला, दम भरला, आणि फुस्स! टक्‌कन काहीतरी रस्त्यावर पडलं. दात. सोमवारपर्यंतही थांबला नाही मेला.

पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. विठोबा काय वाजवणार? मास्तरांनी उचलल्याशिवाय त्यानं आयुष्यात कधी पहिला सूर लावलेला नाही. पोरांना वाटलं, अजून हॉस्पिटल आहे. सगळी अजून चवड्यांवरच. मास्तर ट्रम्पेटकडे बघत उभे. लहान पोराच्या हातून खेळणं फुटावं तसं तोंड.

मला नाही बघवलं. पेटी काखेत मारली आणि भर रस्त्यात तोंड उघडलं.

"पँ-पपँ! पँ-पपँ-पँ!"

अख्खी सुरावट म्हटली. चढउतारांसकट. चार दिवस त्यांनी घरी हीच घोकली होती आणि मी चपात्या लाटत होते. पाठ व्हायला आणखी काय लागतं? पोरांनी एक क्षण पाहिलं आणि उचललं. दोनशे तोंडं, पँ-पपँ! विठोबानं डोळे पुसले आणि माझ्या सुरावर ट्रॉम्बोन लावला.

मास्तर माझ्यासमोर आले. म्हणाले, "तुला सगळं येतं?"

"आवडलं म्हणून येतं," मी म्हटलं. "इतकी वर्षं आवडतंय. आता पुरे का?"

ते हसत होते की रडत होते, कळेना. पुढचा दात नसला की दोन्ही सारखंच दिसतं.

"ठेका मागे पडतोय तुझा," ते म्हणाले.

"मग पाय उचला," मी म्हटलं, आणि आम्ही सगळे भायखळ्याच्या दिशेनं निघालो.