शरण्याच्या भावाची गोळी

रोज संध्याकाळी शेजारच्या शरण्याचा भाऊ प्रणेश हेब्बाळच्या ऑफिसातून कंपनीच्या बसने यायचा, गळ्यात ओळखपत्र, कानात गाणी. आणि त्याला बघून ईश्वरीच्या पोटात मिरची तळली जायची. दोन वर्षांपूर्वी तो आणि तिचा मोठा भाऊ अनुरागअण्णा एकाच डॉक्टरकडे, एकाच बाकावर बसले होते. आजारही एकच, स्किझोफ्रेनिया. आता प्रणेश नोकरीला जातो, आणि अण्णा दिवसभर पंख्याशी भांडतो!

"आमचा पहिल्याच गोळीने बरा झाला गं," शरण्या म्हणायची. मैत्रीण खरी, पण ते 'पहिल्याच' ऐकलं की ईश्वरीला तिची वेणी ओढावीशी वाटे.

अण्णाच्या आजाराने दोन औषधांना दाद दिली नव्हती. डॉक्टर आता तिसरं म्हणत होते. त्यासाठी दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणि सुई म्हटलं की अण्णा आतून कडी लावून घ्यायचा.

पण सुई हवी कशाला? गुणाची गोळी शेजारीच आहे की! शनिवारी शरण्या आत डोसा आणायला गेली आणि ईश्वरीने फ्रिजवरचं पाकीट गुपचूप दप्तरात टाकलं.

घरी येऊन तिने ते आईसमोर ऐटीत ठेवलं. "अण्णाला ही दे. प्रणेश हिच्यानेच बरा झालाय."

आईने पाकीट उलटंसुलटं केलं, कपाटातून अण्णाची फाईल काढली आणि पहिल्या कागदावर बोट ठेवलं. तेच नाव. "चार महिने दिली होती, पुट्टी, बाळा. काडीचा फरक नाही."

"तीच? मग त्यालाच कशी लागू पडली?"

"ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि आता प्रणेश आज काय घेणार? ऊठ आधी!"

ईश्वरी धावत सुटली. दार प्रणेशनेच उघडलं. मागे शरण्या रडवेली होऊन डबे उपसत होती.

"मी चोरली," ईश्वरी एका दमात म्हणाली. "अण्णासाठी. पण त्याला ही चालतच नाही."

प्रणेशने तिच्या हातातलं पाकीट घेतलं. "अय्यो, मग त्याला कोणती चालणार?"

"सुईवाली."

"सुईला मी पण भितो. बुधवारी येतो बरोबर."

बुधवारी दवाखान्यात सुई टोचलेल्या हाताने अण्णाने घट्ट धरला, तो प्रणेशचा हात. ईश्वरीचा नाही! नळीत रक्त भरत होतं आणि तिच्या पोटात परत मिरची तडतडत होती.

"पुढच्या बुधवारी मी धरणार," तिने प्रणेशला कोपराने ढोसलं.

अण्णा पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला. "दुसरा हात रिकामाच आहे की गं."