तुटक्या पानाचा ठसा

कापडावर वेल छापणारा मी एक जुना लाकडी ठसा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, आज माझ्याकडून गोड बोलणे होणार नाही. मला अगदी शिसारी आली आहे.

मला आबांनी शिसवी लाकडातून कोरले. नऊ पानांचा वेल होता. शेवटच्या पानावर पटाशी सटकली आणि त्याचे टोक उडाले. आबा मला चुलीत घालायला निघाले, पण त्यांच्या बायकोने हात धरला.

"राहू द्या हो. आपलं कापड लगेच ओळखू येईल."

तसेच झाले. गिऱ्हाईक येई, कापडावरून बोट फिरवी, तुटके पान सापडले की मगच घडी काखोटीला मारी. लाकूड असूनही मी फुगत असे, आणि ते काही पाण्याने नव्हे.

आबांनंतर त्यांच्या लेकीने मला हाती धरले. तिला सगळे ताई म्हणत. एकदा एका कंपनीचा कोटवाला पाहुणा आला. त्याने तोंडभर स्तुती केली, माझे फोटो काढले, चहा पिऊन गेला. वर्षभरात दुकाने चादरींनी भरली. दूरदेशी यंत्रावर लाखोंनी छापलेल्या, वर चिठ्ठी 'अस्सल हातछपाई'. आणि प्रत्येकीवर माझे तुटके पान! आबांचा हात एकदाच चुकला होता. या निर्लज्जांनी ती चूकसुद्धा सोडली नाही. थू!

मग आमचा नेहमीचा दुकानदार गठ्ठा परत घेऊन आला.

"ताई, कंपनीची नक्कल नका करू. ते पान काढा, मग बघू."

"नक्कल? अहो, हे आमच्या आबांचं पान आहे!"

"असेल. पण लोकांनी आधी त्यांचं पाहिलंय ना."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. इथे चोर गप्प आणि बोंब मारणारा तिसराच.

तो गेल्यावर ताईने पटाशी उचलली. मग डोळे पुसले आणि ते पान तासून टाकले. तिचा मला राग नाही, घरची चूल पेटायला हवी.

आता मी आठच पाने छापतो. काल आबांच्या वेळची एक म्हातारी गिऱ्हाईक आली. कापड उलगडून तिने वेलावरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, आणि घडी खाली ठेवली.

"हे तुमचं नव्हे गं बाई."

मित्रांनो, चिठ्ठीला भुलू नका. कापड कोणाच्या हातचे, एवढे विचारत जा. आणि पान तासले जाण्याआधी विचारा.