मेथीची जुडी

अनसिंग गावच्या सोजरबाईच्या मळ्यात मेथी, पालक, चुका नुसता माजला होता. सून रुपा पहाटेपासून वाफ्यांत बसून जुड्या बांधी आणि वाशीमच्या बाजाराची गाडी भरली की घरी येऊन अर्धी भाकर खाई. अर्धीच! सातवा लागला होता ना तिला. पोटुशीनं पोटभर खाल्लं की लेकरू मोठं होतं आणि अडतं, असा गावाचा कायदा. पालेभाजी वातूळ, म्हणून तीही बंद.

"आत्याबाई, एक जुडी शिजवू का?"

"जीभ आवर व रुपा. मी बी अशीच दोन लेकरं जनली. मेली का मी?"

सोजरबाई दुष्ट नव्हती हो. रोज निजताना सुनेच्या पायांना तेल चोळायची. तिच्या सासूनं जे केलं, तेच ती मायेनं करत होती. मायेनंच उपाशी ठेवत होती.

भाजी घ्यायला आलेल्या दवाखान्याच्या नर्सबाईंना रुपाची पांढरीफटक नखं दिसली. दुसऱ्या दिवशी त्या औषधाची काळी बाटली घेऊन आल्या. "मावशी, हिच्या अंगात रक्तच नाही. हे दोन वेळा द्या, आणि पोटभर पालेभाजी. या औषधात जीवनसत्त्वं आहेत, जनावराच्या कलेजीचा अर्क आहे."

कलेजी! सोजरबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. "बाटवता काय वो बाई आमाले?" तिनं बाटली बांधावर ओतून टाकली. रुपाचा नवरा चंपत जवळच बैल जुंपत होता. तो गाडी घेऊन बाजाराला निघाला. रुपा पुढची जुडी बांधू लागली.

नववा सरायच्या आतच कळा आल्या. लेकरू मुठीएवढं. अडलं नाही, पण रडलंही नाही. रक्त थांबेना, आणि दुपारपर्यंत रुपाही गेली.

"लेकरू तं लहानच होतं बाई," सोजरबाई नर्सबाईंना विचारत होती, "मंग काहून मेली व माही रुपा?"

"उपाशी होती मावशी. मेथीच्या मळ्यात उपाशी होती."

दिवाळीनंतर सोजरबाईच्या लेकीला, कमलीला, पहिल्यांदा सासरी न्यायला तिची सासू चतुराबाई गाडी घेऊन आली. ओटी भरताना सोजरबाईनं नारळाशेजारी नर्सबाईंकडून मागून आणलेली तसलीच काळी बाटली ठेवली. गळ्यात माळ होतीच.

"पोट राह्याच्या आधीपासूनच द्या म्हंते नर्सबाई. अन् भाकर पुरी, भाजी रोज."

चतुराबाई बाटलीपासून मागे सरकली. "आमच्यात अशी रीत नाई, इहीनबाई. लोक काय म्हंतील?"

"मंग मी पोरगी नाई धाडत." सोजरबाईनं कमलीचा हात धरला. "माह्या रुपानं एक जुडी मेथी मांगतली होती व! मी नाई देली. मी मारलं तिले. पायाले तेल चोळू चोळू मारलं."

गाडी कमलीला न घेताच परत गेली. गावानं सोजरबाईला वेडी म्हटलं. म्हणू दे. वाचकहो, तुम्ही मात्र हे पान खाली ठेवा आणि आज आपल्या घरात अर्धी भाकर खाऊन कोण उठली, तेवढं चुलीपाशी जाऊन पाहून या.