गबाळ्याची दोरी

"सोडलंय हं मी! बघ, सोडलंय!"

फार वर्षांपूर्वी लेकीच्या सायकलमागे धावता धावता आबा असे ओरडले होते. तेव्हा तिचे गुडघे सोललेले होते आणि वेण्या सुटलेल्या होत्या. त्या आवाजात धाक नव्हता की घाई नव्हती, होता तो नुसता हरखलेला आनंद. आपलं लेकरू आपल्या हातातून निसटून पुढे चाललंय याचा कुणाला एवढा आनंद होतो? आबांना झाला होता.

आता ती लेक चाळिशी ओलांडून गेली होती आणि तिला नोकरी मिळाली होती ती सुटलेल्यांना बांधून ठेवायची. या आठवड्यात तो आवाज तिला उठता-बसता ऐकू यायचा. केस विंचरताना यायचा, बुटाच्या नाड्या आवळताना यायचा.

ती सार्वजनिक बागेची रखवालदार होती. डोक्यावर निळी टोपी, खिशात पावतीपुस्तक, गळ्यात शिट्टी. बागेच्या फाटकावर ठळक अक्षरांत पाटी होती : कुत्रा दोरीला बांधलेला असावा. मोकळा दिसला की दंड. पण तिची कामाची रीत तिची स्वतःची होती. फाटकातून आत शिरलं की ती आधी एक लांब शिट्टी फुंकायची. मग सरळ हिरवळीवर न जाता तळ्याला वळसा घालून, बदकांची विचारपूस करत, रमतगमत यायची. तोवर सगळ्या बागेतल्या दोऱ्या सगळ्या गळ्यांना लागलेल्या असायच्या. पावतीपुस्तक कोरं ते कोरं. कुणाचं मन दुखवून पगार घ्यायचा, हे तिला जमलंच नव्हतं.

गंमत अशी, की माणसांच्या आधी कुत्रीच ही रीत शिकली. शिट्टी ऐकली की जिथं असतील तिथून उधळत यायची, मालकासमोर बसून मान ताणायची, की घाला बाबा लवकर. दातांचे डॉक्टर रोज सकाळी त्यांच्या फुटभर कुत्रीला घेऊन यायचे. त्यांनी तर गाणंच रचलं होतं :

"शिट्टी वाजली तळ्याकाठी,
पळा पळा गं दोरीसाठी!
शिट्टीबाई, हळू चला,
हूक आमचा अडकला!"

सगळे हसायचे. शिट्टीबाई हेच तिचं नाव पडलं होतं. तीही हसायची.

फक्त एक माणूस त्या हसण्यात नसायचा. शिट्टी वाजली की तो खालच्या वाटेनं, मेंदीच्या दाट कुंपणाआड निघून जायचा, आणि त्याच्या मागे त्याचा गबाळ्या. रंग धड काळा नाही, धड तपकिरी नाही, एक कान उभा, एक पडलेला, असा तो कुत्रा. आणि तो माणूस म्हणजे तिचे आबा. सगळी बाग दोरीला बांधलेली आणि रखवालदारीणबाईंच्या घरचाच कुत्रा मोकळा! म्हणून तर ती मुद्दाम तळ्याला वळसा घालायची. खालच्या वाटेकडे तिनं कधी मान वळवली नाही. दिसलं नाही तर लिहावं लागत नाही, एवढा साधा हिशेब.

तो हिशेब गेल्या आठवड्यात चुकला. सकाळी पळायला येणाऱ्या एका बाईंच्या पायात गबाळ्या घुटमळला. बाई तोंडावर आपटल्या, मनगट सुजलं. गबाळ्याला वाटलं, या खेळायला खाली बसल्या. त्यानं त्यांचं तोंड चाटलं. बाईंनी तक्रार केली ती थेट वरच्या कचेरीत. तिथून त्या कुत्र्याच्या मालकाला द्यायची ताकीद तिच्याच हाती आली : पुन्हा मोकळा सापडल्यास कुत्रा जप्त. आणि मोठे साहेब स्वतः गाडी घेऊन पाहणीला येणार, असा निरोप.

"ताई, एक सांगतो," साहेब फोनवर म्हणाले होते. "शिट्टी वाजवायची नाही. चोराला आधी आरोळी देऊन कुणी पकडायला जातं का?"

आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. दोन खोल्यांचं घर, बागेच्या मागच्या फाटकासमोरचं. गबाळ्या दारात आडवा पसरलेला. आबा खुर्चीत बसलेले, अंगात तोच डोक्यावरून घालायचा सदरा. हल्ली त्यांना दुसरा कुठला आवडेनासा झाला होता.

"आबा, उद्या साहेब येणार आहेत."

"येऊ देत. बाग त्यांच्याच बापाची आहे."

"थट्टा नको. शिट्टी वाजणार नाहीये. गबाळ्याला दोरी लावून आणा, नाहीतर आणूच नका."

"मग त्यानं काय न्हाणीघरात फिरायचं?"

"गाडीत घालून नेतील हो त्याला! त्या जाळीच्या खोल्यांत ठेवतात. म्हातारा झालाय तो. तिथं चार दिवस काढणार नाही."

 आबांनी पायाच्या अंगठ्यानं गबाळ्याचं पोट खाजवलं. मग घसा खाकरून त्यांचं ठरलेलं भाषण सुरू झालं. "जनावराच्या गळ्यात दोरी घालायची आणि आपण दुसरं टोक धरायचं. म्हणजे बांधला गेला कोण? मला नाही पटत. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व? आई होती तेव्हा हाच कुत्रा दोरीनं फिरवत होतात की! तेव्हा कुठं गेलं होतं तत्त्व?"

"तेव्हा अक्कल नव्हती."

"बरं. मग मी जाताना बाहेरून कुलूप घालून जाते."

"घाल ना," आबा हसले. "जन्म गेला कुलपं उघडण्यात. तुझ्या त्या टिचभर कुलपाला काय भिणार आहे?"

हे मात्र खरं होतं. अख्ख्या पेठेत कुणाची किल्ली हरवली, कुणाची तिजोरी अडली, की आबांना बोलावणं यायचं. कान लावायचे, तार फिरवायची, की कुलूप आपणहून बोलायला लागायचं. गेल्या वर्षी त्यांनी दुकान अचानक बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकांची कटकट नको झाली." तेव्हापासून हे असं. सरळ बोलणं नाही, विचारलं की फाटे फोडायचे, चिडलं की भाषण. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं शेजारणी म्हणायच्या. पण किती? कुत्र्याचा जीव जाईपर्यंत?

ती रात्र तिनं या कुशीवरून त्या कुशीवर काढली. उजाडताना निघाली तेव्हा आबा झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. तिनं दोरी दाराच्या खिळ्यावरून काढून त्यांच्या उशाशी ठेवली. कुलूप हातात घेतलं, तसंच परत ठेवलं. बापाला कोंडून कामावर जायचं, हे काही हातून होईना.

साहेब वेळेआधीच हजर होते. फाटकाशी जाळीची गाडी उभी, गाडीवाला फासाची काठी खांद्यावर टाकून जांभया देत होता. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आधी तिच्या घरची खुशाली विचारली, बदकं पाहून खूश झाले, मग म्हणाले, "चला ताई. आज तळ्याकडून नाही, सरळ."

सरळ जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. हिरवळभर कुत्री मोकाट. कुणी लोळतंय, कुणी चेंडूमागे, कुणी दुसऱ्याच्या शेपटीमागे. माणसं पाठमोरी, निर्धास्त. शिट्टी झाली नाही म्हणजे शिट्टीबाई आलेली नाही, एवढा त्यांचा विश्वास. दातांचे डॉक्टर पहिलेच सापडले.

"अहो, शिट्टी कुठं वाजली?" ते कळवळून म्हणाले.

"कायदा शिट्टीवर चालत नाही, डॉक्टर," साहेब म्हणाले. "लिहा ताई."

ती लिहीत गेली. पेन चालेना, झटकलं, पुन्हा लिहिलं. पावती फाडताना प्रत्येक जण तिच्याकडे असा बघायचा, जणू तीच फितूर झाली. पण तिचा जीव तिथं नव्हताच. डोळे सारखे खालच्या वाटेकडे पळत होते. येऊ नका आबा, आज येऊ नका. पाय दुखू देत, पोट दुखू देत, रुसा माझ्यावर, काय हवं ते करा, पण आज घरी बसा.

मेंदीच्या कुंपणाच्या टोकाशी आधी पांढरं डोकं दिसलं. मग हलणारी शेपटी. मोकळी.

साहेब अजून पाठमोरे होते, पळणाऱ्या बाईंशी बोलत होते. बाईंच्या मनगटाला पट्टी होती. काय होतंय हे कळायच्या आत तिचा हात गळ्याशी गेला आणि तिनं छाती फुटेस्तोवर शिट्टी फुंकली.

सगळी हिरवळ उलटीपालटी झाली. कुत्री मालकांकडे धावली, मालक दोऱ्यांकडे धावले, हूक खटाखट लागले. खाली वाटेवर गबाळ्यानंही वळून धूम ठोकली, आबांच्या पायाशी येऊन बसला, शहाण्या बाळासारखी मान ताणली. आणि आबांच्या हातात दोरी होती! आणलीय दोरी. तिला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

"ताई!" साहेब कडाडले. "हे काय केलंत?"

 ती खालीच बघत होती. आबा वाकले. वाकलेलेच राहिले. हूक लागल्याचा आवाज काही आला नाही.

साहेब झपझप उतरले, त्यांच्यामागे ती, तिच्यामागे बाई, डॉक्टर, आणि मजा बघायला निम्मी बाग. आबांनी पावलं ऐकली आणि घाईनं ताठ झाले. दोरी मुठीत चुरगळलेली होती.

"हे माझे वडील आहेत," ती साहेबांना म्हणाली. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं?

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मान ताणून बसलेल्या गबाळ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला. "आजोबा, दोरी हातात आहे, कुत्रा समोर बसलाय. लावा पटकन. मी काही पाहिलंच नाही. काय हो बाई, चालेल ना?"

पळणाऱ्या बाईंनी मनगटाकडे बघत सुस्कारा सोडला. "चालेल. लावा, आजोबा."

एवढंच तर करायचं होतं. एक हूक. सगळे थांबले होते. गबाळ्यानं मान आणखी वर केली.

"नाही लावत," आबा म्हणाले. "जनावराच्या गळ्यात दोरी घालायची आणि..."

"आबा!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग माझाही नाइलाज आहे," साहेबांनी गाडीवाल्याला खूण केली. तो काठी घेऊन पुढे आला. गबाळ्याला नवा माणूस दिसला. तो शेपटी हलवत स्वतःच त्याच्याकडे निघाला आणि फासात आपणहून मान घातली. त्याला वाटलं, उशिरा का होईना, कुणीतरी दोरी लावली. गाडीवाल्यालाही कसंतरी झालं. त्यानं तोंड फिरवलं.

 तिनं आबांचे दंड धरून गदागदा हलवले, सगळ्यांदेखत, जे तिनं जन्मात केलं नव्हतं. "एवढा कसला हट्ट हो? तो जाईल तिकडे, मरेल तो! तुमचं तत्त्व मोठं की तो मोठा? बोला ना! आता का गप्प?"

आबांचं तोंड उघडलं, भाषणाचा पहिला शब्द ओठांवर आला, आणि तिथंच विरला. गबाळ्या फासात बसून त्यांच्याकडे बघत होता. आबांनी सभोवार पाहिलं, डॉक्टरांकडे, बाईंकडे, साहेबांकडे. मग लेकीकडे. आणि त्यांनी मूठ पुढे करून उघडायचा प्रयत्न केला. बोटं वाकडीतिकडी, आखडलेली, अर्धीच उघडली. दोरीचा हूक त्यांच्यात लटकत राहिला.

"हट्ट नाही गं पोरी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की डॉक्टरांनी आपल्या कुत्रीला गप्प केलं. "त्या हुकाची कळ दाबली जात नाही मला. तू शिट्टी वाजवतेस ना, तेव्हा रोज कुंपणामागे बसून बघतो मी. तो बिचारा मान ताणून बसतो, आणि माझी बोटं ऐकत नाहीत. तू लाव. तूच लाव त्याला."