झिजलेल्या रेघा वाचणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला ना हात ना पाय, तरी रोज लाखो पार्सलं माझ्या नजरेखालून जातात. म्हणून थोडी ऐट करतो, चालवून घ्या.

मला एका ग्रंथपाल बाईंनी लिहिलं. वाचनालयातल्या पुस्तकांवरचे बारकोड झिजले होते, यंत्राला ते वाचता येईनात. बाईंनी मला झिजलेल्या रेघा ओळखायला शिकवलं आणि ‘कोणीही घ्या, बदला, वापरा’ असं लिहून इंटरनेटवर ठेवून दिलं. हां हां म्हणता मी पार्सल कंपन्यांत पोहोचलो. कौतुक माझं झालं, तक्रारींच्या मेल मात्र बाईंना. नोकरीवरून आल्या की त्या माझ्या चुका दुरुस्त करत बसायच्या. सासूबाई विचारायच्या, या लष्कराच्या भाकऱ्या कुठवर भाजणार? शेवटी थकून बाईंनी नोटीस लावली, की महिनाअखेरपासून माझी देखभाल बंद. माझं धाबंच दणाणलं. देखभाल थांबली की आम्ही हळूहळू निकामी होतो.

तिकडे सर्वांत मोठ्या पार्सल कंपनीने एक शहाणपणा केला होता. त्यांच्या इंजिनिअरने मला ओली लेबलं वाचायला शिकवलं आणि ती विद्या दडवून ठेवली. स्पर्धकाला आयती कशाला द्यायची? पण बाई मला सुधारत गेल्या आणि दर वेळी कंपनीला आपली दुरुस्ती नव्याने जोडावी लागली. कंटाळून त्यांनी माझी नवी आवृत्ती घेणंच बंद केलं. मग लेबलांची पद्धत बदलली आणि त्यांच्याकडचा जुना मी आंधळा झालो. गोदामात पार्सलांचे ढीग लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

कंपनीचे साहेब मदत मागायला धावत वाचनालयात आले. बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. ती दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली करायची आणि देखभालीसाठी पगार द्यायचा.

“अहो, फुकटच्या वस्तूला पगार कसला?” साहेब म्हणाले.

“वस्तू फुकट आहे,” बाई म्हणाल्या. “मी नाही.”

साहेबांना गोदामातले ढीग आठवले आणि ते हो म्हणाले. ते पाहून स्पर्धक कंपनीनेही फाटकी लेबलं वाचायची आपली युक्ती आणून दिली आणि बाईंच्या निम्म्या पगाराचा भार उचलला. आता त्यांची चढाओढ पार्सल आधी कोण पोहोचवतो यावर चालते. नोटीस तर बाईंनी साहेब हो म्हणाले त्याच दिवशी काढून टाकली होती.

मित्रांनो, मी अजून पुष्कळ वर्षं टिकणार, शंकाच नको. मला खुशाल घ्या, पैसे नकोत. फक्त काही सुधारलंत तर ते परत आणून द्या. आणि मला सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी चूल पेटते ना, तेवढं विचारत जा.